ठकुबाईची विलायत

सुचित्रा इंग्लंडचा इतिहास सोलापुरात शिकली होती, आणि चांगला शिकली होती. एम.ए.ला पहिला वर्ग. पहिल्या चार्ल्सचं डोकं कोणत्या साली उडवलं, आठव्या हेन्रीच्या सहा राण्या कोणत्या क्रमाने आल्या आणि कशा गेल्या, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. अडचण एवढीच, की दुबईतल्या करामाच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तिला झोपेतून उठवून असलं काही विचारणारं कुणी नव्हतं. नवरा हेमचंद्र उठवायचा तो मोजे कुठे आहेत हे विचारायला.

मग मुलगी ईश्वरी चौथीत असताना शाळेची सूचना आली. शाळा ब्रिटिश अभ्यासक्रमाची. मार्चमध्ये ब्रिटनचा इतिहास, दंतकथा आणि भूगोल यांवर प्रश्नमंजूषा होती. मूल आणि त्याच्याबरोबर घरचं एक मोठं माणूस, अशा जोड्या. सुचित्राने ती सूचना दोनदा वाचली, फ्रिजवर लावली, आणि कपाटावरचा बुटांचा रिकामा खोका खाली काढला. त्यात ती कार्डं भरू लागली. एका बाजूला प्रश्न, पाठीमागे उत्तर. सन १०६६, १२१५, १५८८, १६६६. सर्वांत उंच डोंगर, सर्वांत लांब नदी, सर्वांत खोल सरोवर. दुपारी जेवणं आटोपली की ती खोका पुढ्यात घेऊन बसायची आणि तिला वाटायचं, इतक्या वर्षांनी आपलं शिकणं कामाला आलं.

ते २००९ साल. रोज ओळखीच्या कुणाची तरी नोकरी गेल्याची बातमी यायची. समोरच्या अर्ध्या राहिलेल्या इमारतीवरची क्रेन तीन महिने जागची हलली नव्हती. हेमचंद्र एका बांधकाम कंपनीत एस्टिमेटर होता. एस्टिमेट काढायला काही उरलं नव्हतं, तरी तो रोज इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर ऑफिसला जात असे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सुचित्रा बाथरूममध्ये घसरली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

आणि पुढच्याच आठवड्यात ठकुबाई आली.

तिला आणलं समोरच्या फ्लॅटमधल्या समिधाने. ठकुबाई दाभोळच्या खाडीकाठची, पन्नाशी उलटलेली, काटक. नवरा मचव्यावर खलाशी होता, तो गेल्यावर ती इकडे आली आणि जुमेराला एका इंग्रज कुटुंबात अकरा वर्षं मुलं सांभाळत राहिली. त्या घरचा साहेब इमारती विकणाऱ्या कंपनीत होता. कंपनी बसली. पंधरा दिवसांत बिऱ्हाड बांधून मंडळी मायदेशी निघाली. जाताना केट मॅडमने ठकुबाईचा व्हिसा रीतसर रद्द केला, पासपोर्ट तिच्या हातात ठेवला आणि तिच्या गळ्यात पडून रडली. व्हिसा रद्द झाल्यापासून तीस दिवस. तेवढ्यात नव्या घरच्या माणसाने आपल्या नावावर व्हिसा काढला तर ठीक, नाही तर घरची वाट.

"हात बरा होईपर्यंत तर हवीच कुणीतरी," हेमचंद्र म्हणाला. "पुढे ठेवायची की नाही ते तू ठरव. ठेवायची असली तर तिचे कागद दे, मी टायपिंग सेंटरला जाऊन अर्ज टाकून येतो."

"परवडेल?"

"ईश्वरीचं स्विमिंग बंद करू. नाही तरी ती काठावरच उभी असते."

दुसऱ्याच दिवशी ठकुबाईने पासपोर्टची कॉपी आणि चार फोटो घातलेलं खाकी पाकीट सुचित्राच्या हाती दिलं. "तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या, वैनी." सुचित्राला डाव्या हाताने कपाटाचा खण उघडेना. तिने ते पाकीट कार्डांच्या खोक्यात तळाशी सरकवून दिलं. तेव्हा तिच्या मनात काही वाईट नव्हतं.

वाईट सुरू झालं वेण्यांपासून.

ईश्वरीचे केस दाट, कमरेपर्यंतचे. रोज सकाळी दोन वेण्या घालणं हे सुचित्राचं काम, आणि दिवसभरात लेक तिच्या हातात सापडायची ती तेवढी दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत ती कार्डं म्हणून घ्यायची. आता हात गळ्यात. ठकुबाई पलंगावर बसे, ईश्वरी खाली तिच्या गुडघ्यांत, आणि तेलाच्या वाटीबरोबर गोष्ट सुरू होई.

"तर हा फिन म्हंजे आयर्लंडचा राक्षस, आणि पल्याड स्कॉटलंडात त्याच्याहून थोर राक्षस. ह्याने फुशारकी मारली, दर्यात दगड टाकून वाट बांधली. आणि बघतो तं काय, पल्याडचा येतोय डोंगरावानी. ह्याची पाचावर धारण. पळत घरी. बायको हुशार. तिने काय केलं, ह्याला झबलं-टोपडं घातलं नि पाळण्यात निजवलं. राक्षस आला. ती म्हणाली, हळू बोला, बाळ निजलाय. त्याने पाळण्यात बघितलं. म्हणाला, बाळ एवढा तं बाप केवढा. पळाला बाबा. वाट मोडत मोडत पळाला. म्हणून ती वाट आता दोन टोकांना तेवढी दिसते."

ईश्वरी इतकी हसली की वेणी सुटली.

स्वयंपाकघरात सुचित्रा डाव्या हाताने उपमा परतत होती. जायंट्स कॉजवे. परगणा अँट्रिम. बेसॉल्टचे सुमारे चाळीस हजार खांब. कार्ड नंबर एक्केचाळीस. ते तिने ईश्वरीकडून तीनदा पाठ करून घेतलं होतं, आणि तीनदा लेक विसरली होती. आता जन्मात विसरणार नव्हती.

"ठकुबाई, तुम्हाला हे कुठून ठाऊक?"

"ग्रॅनी सांगायची ना. मॅडमची आई. दर उन्हाळ्यात मला संगट न्यायचे. पोरं निजेपर्यंत म्हातारी सांगायची, मी पाय चेपत ऐकायची. पहिल्या साली काय कळलं नाय. दुसऱ्या साली हसायचं कुठं ते कळलं. तिसऱ्या सालापासून मीच सांगाया लागले."

असं हे पाय चेपता चेपता झालेलं शिक्षण. सुचित्राने त्याच शिक्षणासाठी वाचनालयाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. आणि विलायत पाहिली होती ठकुबाईने. सुचित्राने पाहिला होता फक्त नकाशा.

दुसऱ्या सकाळी आठव्या हेन्रीच्या राण्या निघाल्या. सुचित्राला वाटलं, इथे तरी आपण. ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "ईशू, क्रम सांग बघू." ईश्वरी म्हणाली, "आई, वेट. मौशी टेलिंग." ठकुबाई सांगत होती की शेवटचीचं डोकं शाबूत राहिलं, कारण ती राजाच्या पायाच्या चिघळलेल्या जखमेला स्वतः पट्टी बांधायची, पट्टी बांधणारीला कोण मारील. सुचित्राने मिक्सर लावला. आत चार मिरच्या होत्या. चार मिरच्यांना इतका वेळ लागत नाही.

त्यानंतर रोज सकाळी मिक्सर लागू लागला.

एकदा दाराशी समिधा भेटली. "तुझी ईश्वरी काल आमच्याकडे आलेली. लंडनच्या टॉवरमधल्या कावळ्यांची गोष्ट सांगत होती. पंख कातरून ठेवतात म्हणे, ते उडून गेले तर राज्य बुडेल म्हणून. किती रंगवून सांगते गं. मी म्हटलं, आईने शिकवलं वाटतं? तर म्हणाली, नो, मौशीने." समिधा हसली. "तुम्हाला ठेवायची नसेल तर मला सांग हं. मी घेईन तिला."

त्या कावळ्यांचं कार्ड सुचित्राने डाव्या हाताने लिहिलं होतं. अक्षर वाकडंतिकडं, पहिलीतल्या पोरासारखं. एक कार्ड लिहायला दहा मिनिटं लागायची, तरी ती लिहीत होती. ईश्वरी ते पाहून हसली होती. ठकुबाई तेव्हा दारात उभी होती. ती हसली नव्हती. पण हे सुचित्राला आठवलं पुष्कळ नंतर.

मग फॉर्म आला. "बरोबर येणाऱ्या मोठ्या व्यक्तीचं नाव" या रेघेवर ईश्वरीने सुंदर गोल अक्षरात लिहून ठेवलं होतं: ठकुबाई.

"हे काय?"

"बट शी नोज द स्टोरीज, आई. यू नो ओन्ली द डेट्स."

लेक काही मुद्दाम लागेल असं बोलली नव्हती. तिने आपलं दिसलं ते सांगितलं होतं. सुचित्राने डाव्या हाताने खाली सही केली आणि फॉर्म दप्तरात ठेवला. दोन दिवसांनी तो परत आला, टीचरच्या लाल शेऱ्यासकट: फक्त आई किंवा वडील. ठकुबाई म्हणाली, "अगो बाय, मला लिवता-वाचता तरी येतं काय? आईसच घेऊन जा." म्हणजे जागा मिळाली ती नियमाने मिळाली. लेकीने दिली नाही.

त्याच संध्याकाळी हेमचंद्रने विचारलं, "ठकुबाईचे कागद?"

"फोटो द्यायचे राहिलेत तिचे."

पाकीट खोक्याच्या तळाशी होतं. त्यावर आता दोनशे कार्डं होती.

पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा विचारलं. ती म्हणाली, अजून नाही. तो "बरं" म्हणाला आणि टीव्हीवरच्या बातम्यांकडे वळला. त्याच्या ऑफिसातल्या संजयला त्या दिवशी कामावरून काढल्याची चिठ्ठी मिळाली होती. सुचित्रा मनाशी म्हणे, आपण काही वाईट करत नाही आहोत. फक्त एक गोष्ट करत नाही आहोत. दिवस आपले आपण जात होते. बावीस झाले, तेवीस झाले.

ठकुबाईने एकदाही विचारलं नाही. फक्त तिची धुतलेली लुगडी दोरीवरून निघाली की कपाटात जाईनाशी झाली. ती सरळ बॅगेत जाऊ लागली. "खोर फक्कानला आमच्या गावचा नागेश हाय," ती भाजी निवडता निवडता म्हणाली. "तिथल्या बंदरावर कामाला. तो म्हणतो, तिकिटाचं मी बघतो."

सुचित्रा मेथीची पानं खुडत राहिली. डाव्या हाताने एकेक.

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी वेणीला होली आयलंडची गोष्ट होती. इंग्लंडच्या वरच्या अंगाला, समुद्रात एक बेट. ग्रॅनीचं गाव तिथून जवळ. बेटावर जायला रस्ता आहे, पण तो समुद्रातून जातो.

"आणि दर्या तो रस्ता गिळतो," ठकुबाई म्हणाली. "आता बघ, माझा नवरा खलाशी. मला भरतीचं कोण शिकवणार? मी पहिल्या दिशी पाणी बघितलं, नि बोटावर..."

सुचित्राने मिक्सर लावला. या बेटाचं कार्ड तिच्याकडे होतं. लिंडिसफार्न. व्हायकिंगांचा हल्ला, सन ७९३. याहून अधिक काय असणार?

मिक्सर थांबला तेव्हा गोष्ट संपत आली होती. "...पुनव होती, उधाण यायचंच. मी ओरडते, साब, गो, गो. साब हसतो. शेवटी मॅडमने गाडी वळवली. चाकाला पाणी लागत होतं. मागची गाडी अडकली. त्यातली माणसं, अडकलेल्यांसाठी खांबावर खोली बांधलीय पांढरी, तिच्यात चढून बसली रात्र. दुसऱ्या दिशी साब माझ्याकडं आला, म्हणाला, सॉरी, ठाकू."

"लव्ह यू, मौशी," ईश्वरी म्हणाली.

प्रश्नमंजूषा बुधवारी होती. सत्तावीस दिवस झाले होते. शनिवारी मुदत संपत होती.

शाळेच्या सभागृहात पहिल्या फेरीला चौदा जोड्या बसल्या. शेवटच्या फेरीला दोन उरल्या: ईश्वरी आणि प्लास्टरचा हात गळ्यात बांधलेली सुचित्रा, आणि पलीकडे एक सोनेरी केसांचा मुलगा व त्याचे उंच वडील. सालांवर सुचित्रा, गोष्टींवर ईश्वरी. जायंट्स कॉजवेला ईश्वरीने टीचरचा प्रश्न पुरता होऊ दिला नाही. हेन्रीच्या शेवटच्या राणीला दोघींनी एकदमच हात उचलले. सुचित्राला फार दिवसांनी हलकं वाटत होतं. गुण बरोबरीत आले. एकच प्रश्न राहिला.

"नॉर्थंबरलँडमधल्या होली आयलंडला जाणारा रस्ता," टीचरने वाचलं, "चोवीस तासांत साधारण किती वेळा समुद्राखाली जातो?"

ईश्वरीने घंटीवर हात मारला. तोंड उघडलं, आणि आईकडे पाहिलं.

सुचित्राचा जन्म सोलापूरचा. तिथे समुद्र भूगोलाच्या पुस्तकात असतो. भरती-ओहोटी हा शब्द तिने तसाच जोडीने ऐकलेला, रात्र-दिवसासारखा: एक येते, एक जाते, दिवस संपला. दुबईला सहा वर्षं समुद्राकाठी राहूनही तिने पाणी कधी घड्याळ लावून पाहिलं नव्हतं.

"एकदा," ती माईकमध्ये म्हणाली. ठामपणे.

टीचर ईश्वरीकडे वळल्या. "तुझंही हेच उत्तर?"

ईश्वरीने क्षणभर बुटांकडे पाहिलं. "येस, मॅम."

पलीकडचा मुलगा म्हणाला, दोनदा. टाळ्या वाजल्या.

टॅक्सीत दोघी मागे बसल्या. ईश्वरीच्या मांडीवर दुसऱ्या क्रमांकाचं प्रशस्तिपत्र होतं. पूल ओलांडल्यावर सुचित्राने विचारलं.

"तुला येत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"मौशी म्हणाली होती. आईला चार माणसांत खोटं पाडायचं नाही. आई चुकली तरी तिकडे आईचंच उत्तर आपलं." ईश्वरी खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "शी सेड, तुझ्या आईने मोडक्या हातानिशी कार्डं लिहिली. हू डज दॅट?"

डोळ्यांत पाणी वगैरे यायला हवं होतं. पण सुचित्राच्या मनात आधी उठला तो पुन्हा जळफळाटच. म्हणजे हेसुद्धा हिनेच दिलं. लेकीने आईचा मान राखला, तोही हिच्या सांगण्यावरून. तो ओसरायला करामा यावं लागलं. तो ओसरला तेव्हा खाली जे उरलं ते तिला फार वेळ पाहवेना: खोका, आणि त्याच्या तळाशी खाकी पाकीट.

ठकुबाईने दार उघडलं. "जिंकलात?"

"दुसऱ्या आलो."

"कंच्या सवालावर अडलं?"

सुचित्रानेच सांगितलं, "तुमच्या बेटाच्या. दर्या रस्ता किती वेळा गिळतो."

ठकुबाईने ईश्वरीकडे पाहिलं, मग सुचित्राकडे, आणि तिला हसू आवरेना. "घाटावरच्या माणसाने दर्याचं सांगू नये, वैनी. दोनदा."

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगितलं व्हतं की. तुमचा मिक्सर चालू व्हता."

तिने हे रागाने म्हटलं नाही. चहाचं आधण ठेवायला ती आत गेलीसुद्धा. सुचित्रा प्लास्टरचा हात धरून दारातच उभी राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं, मिक्सरचा आवाज म्हणजे नुसता मिक्सरचा आवाज.

गुरुवारी सकाळी हेमचंद्र निघण्याआधीच ती पाकीट घेऊन खाली उतरली. टायपिंग सेंटर दोन गल्ल्या सोडून. टाइप करणारा हमदुल्ला, मेंदी लावलेली दाढी, चार बोटांनी बंदूक चालवल्यासारखा कीबोर्ड चालवणारा. नाव, गाव, जन्मतारीख झाली.

"पढ़ी-लिखी है?"

"नहीं," सुचित्रा म्हणाली. मग घाईने, "लेकिन अंग्रेज़ी जानती है. बहुत कुछ जानती है."

"फॉर्म में उसका खाना नहीं है, मॅडम." त्याने एक कळ दाबली. "इतने दिन कहाँ थे आप? शनिवार को खलास हो जाता."

"कागज़ नहीं मिल रहे थे."

"मिल गए ना. साहब को बोलो, दस्तखत करे. इन्शाल्ला हो जाएगा."

झालं. हेमचंद्रला त्यासाठी ऑफिसातून दोनदा पळून यावं लागलं. कागद कुठे सापडले ते त्याने विचारलं नाही, आणि सुचित्राने सांगितलं नाही. ठकुबाईलाही नाही. पण त्या दिवशी ठकुबाईने बॅगेतली लुगडी काढून परत कपाटात रचली, आणि रचताना म्हणाली, "खोका रिकामा केलात वाटतं, वैनी." सुचित्रा म्हणाली, "हो, धूळ बसली होती."

यानंतर सुचित्राचं मन साफ झालं असं कुणी म्हणेल तर ते खोटं. प्लास्टर निघाल्यावर तिने वेण्या परत आपल्या हाती घेतल्या. ईश्वरी म्हणाली, "आई, तू ओढतेस." तिने दात आवळून सैल विणल्या. ठकुबाई समोर स्टुलावर बसून गोष्ट सांगे, मध्येच थांबून विचारी, "ही लढाई कंच्या साली गो, वैनी?" आणि सुचित्रा साल सांगे. हे विचारणं खरं की आपली कीव, हे तिला कधी ठरवता आलं नाही. गोष्ट चालू असताना मिक्सर मात्र लागला नाही.

ठकुबाई आठ वर्षं राहिली. गुडघे साथ देईनासे झाले तेव्हा गावी गेली. विमानतळावर ईश्वरी तिच्या गळ्यात पडून इतकी रडली, की सुचित्राच्या मनात आलं, मी गेले तर एवढी रडेल का? आलं ते आलं.

पुढच्या वर्षी ईश्वरी शिकायला न्यूकॅसलला गेली. ऑक्टोबरातल्या एका दुपारी तिचा फोन आला. सुचित्रा करामाच्याच त्या स्वयंपाकघरात चटणीची तयारी करत होती.

"आई, आज तिथी कोणती?"

"का गं?"

"होली आयलंडच्या रस्त्यापाशी उभी आहे. इथे बोर्ड आहे वेळेचा, तोच पाळणार मी. डोंट वरी. फक्त ताडून बघायचंय. उधाण की भांग?"

उधाण म्हणजे पुनव-अवसेची मोठी भरती, भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची छोटी. इतकं आता सुचित्रालाही येत होतं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली, चष्मा वर केला.

"अष्टमी."

"मग भांग. ग्रेट."

"दिवसातून दोनदा," सुचित्रा म्हणाली.

ईश्वरी हसली. पाठीमागे वारा ऐकू येत होता.

"एक सांग," सुचित्रा म्हणाली. "फोन आधी मला केलास की तिला?"

"मौशीला. तिला आता बारीक दिसत नाही ना. ती म्हणाली, आईसला विचार, तिच्या भिंतीवर कॅलेंडर असतं."

"अच्छा."

"आणि आणखी एक म्हणाली."

"काय?"

"म्हणाली, आधी मिक्सर बंद कराय सांग."

सुचित्राने ओट्याकडे पाहिलं. मिक्सरमध्ये खोबरं आणि चार मिरच्या होत्या. तिने हात लांब करून भिंतीवरचं बटण बंद केलं, स्टूल ओढलं आणि बसली.

"बंद आहे," ती म्हणाली. "आता सांग, पाणी कुठवर आलंय?"